दळण आणि ओवी

'पुरे झाले तुझे दळण!' असे आपण एखाद्याला म्हणतो तेव्हा त्यात कौतुकाचा लवलेशही नसतो. तेच ते पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस, वळून वळून त्याच वळणावर येणारी मालिका, वर्षानुवर्षे उतरवून घेतली जाणारी तीच ती टिपणे, या सर्वांवर मराठी माणूस एकच शिक्का मारतो : दळण. गंमत अशी, की व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या जगातही हाच शब्द रूढ आहे. एकच लढाई शंभर वेळा लढून आपल्या नायकाचे बळ वाढवत बसणे, याला जगभरचे खेळाडू 'ग्राइंडिंग' म्हणतात. ग्राइंडिंग म्हणजे दळणेच. दोन दूरदूरच्या भाषांना कंटाळ्यासाठी एकाच जात्याची आठवण व्हावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

या शब्दाने माझ्या मनात घर केले ते 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाच्या जपानी खेळामुळे. त्या खेळाविषयी येथे चार शब्द लिहावेत असा विचार आहे. वार्षिकाच्या पानांवर मोबाइलवरील खेळाला जागा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु आमच्या पिढीचा रिकामा वेळ (आणि पुष्कळदा रिकामा नसलेलाही) ज्या गोष्टीत जातो, तिच्यावर 'वाईट सवय' असा शेरा मारून मोकळे होणे फार सोपे आहे. ती गोष्ट गोड का लागते आणि कंटाळवाणी का होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे, असे मला वाटते.

प्रथम खेळाची थोडी ओळख. पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' २७ मे १९८६ रोजी एनिक्स या कंपनीने जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी काढला. कल्पना व रचना युजी होरिई यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. तोरियामा म्हणजे 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेचे जनक. ते १ मार्च २०२४ रोजी निवर्तले. सुगियामा त्याआधी, २०२१ मध्ये, नव्वदाव्या वर्षी गेले. सारा खेळ ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये मावत असे. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही याहून कितीतरी पट जागा अडवते.

कथा म्हणाल तर साधीच. ड्रॅगनराजाने प्रकाशाचा गोळा पळवला आहे, राजकन्या बंदीत आहे, आणि एका पराक्रमी पूर्वजाचा वंशज एकटाच निघाला आहे. आपल्या आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण निदान पोपटात तरी लपवलेला असतो. येथे तेवढाही चकवा नाही. उलट शत्रूचा किल्ला खेळाच्या आरंभीच पाण्यापलीकडे समोर दिसतो. दिसतो, पण तेथे पोहोचायला उभा खेळ पार करावा लागतो. कळव्याच्या पुलावरून खाडीकाठचे उंच उंच मनोरे दिसतात, त्यांची मला पहिल्याच दिवशी आठवण झाली. दिसणे आणि पोहोचणे यांतले अंतर हीच या खेळाची खरी कथा आहे.

मग यात गोड काय आहे? पहिले म्हणजे शत्रूच गोड आहेत. पहिला शत्रू 'स्लाइम' : पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, निळा, गोल डोळ्यांचा आणि सदा हसतमुख. त्याला मारताना हात कचरतो. खिंडीत भूत भेटते तेही जीभ काढून वेडावणारे. दुसरे म्हणजे संगीत. थोडक्या सुरांत बसवलेले असूनही राजवाड्यात राजवाड्यासारखे आणि ओसाड माळावर एकाकी वाटणारे. जपानी लोकांना या मालिकेने अशी भुरळ घातली, की तिचा तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी, भर बुधवारी, विक्रीस आला तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी पकडले. पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी काढण्याची पद्धत त्यानंतर पडली.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटली ती या खेळाची पहिली खोली. १९८६ च्या मूळ खेळात नायक राजाच्या दालनात उभा असतो आणि दालनाचे दार बंद असते. बाहेर पडायचे तर राजाशी बोलावे लागते, पेट्या उघडाव्या लागतात, पेटीतली किल्ली घेऊन दार उघडावे लागते, आणि मग जिना उतरावा लागतो. जिना उतरण्यासाठीसुद्धा त्या काळी निराळी आज्ञा द्यावी लागे! म्हणजे दालनाबाहेर पाऊल पडेपर्यंत खेळाडूला बोलणे, घेणे, उघडणे, उतरणे हे सर्व येऊ लागलेले असते. त्या काळच्या जपानी मुलाने असा खेळ पूर्वी कधी पाहिलेला नसणार, हे होरिई यांनी गृहीत धरले होते. म्हणून त्यांनी एक लहानशी सुरक्षित खोली बांधली, जिथे चुकले तरी काही बिघडत नाही आणि ज्यातून शिकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

या खोलीचे मला एवढे अप्रूप का, ते सांगते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी 'मेजर', 'मायनर', 'क्रेडिट', 'ए.टी.के.टी.' हे शब्द माझ्या कानांवर असे पडले, जणू ते सर्वांना जन्मतःच ठाऊक असतात. ज्यांच्या घरी थोरली भावंडे पदवीधर आहेत त्यांना ते खरोखरच ठाऊक होते. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे भरायचा, कोणता दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, ग्रंथालयात पुस्तक मागायचे कसे, हे विचारायलाही धीर लागतो. आणि तो धीर ज्याच्यापाशी कमी असतो त्यालाच नेमकी विचारण्याची गरज अधिक असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका खेळाने नवख्याची जेवढी काळजी वाहिली, तेवढी शिक्षणाच्या जगाने वाहू नये काय? पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी पहिल्या आठवड्यात अशी एक 'पहिली खोली' कोणत्याही महाविद्यालयाला बांधता येईल. तिला विटाही लागत नाहीत. वरच्या वर्गातील दहा-बारा विद्यार्थी आणि एक रिकामा वर्ग पुरेसा आहे.

या खेळातली दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे श्रमांचा हिशेब. खेळाच्या आरंभी पेटीत १२० नाणी मिळतात. दुकानात तांब्याची तलवार १८० नाण्यांची आणि बांबूची काठी १० नाण्यांची. तलवार काही परवडत नाही. तेव्हा काठी किंवा सोटा घेऊन बाहेर पडायचे आणि स्लाइम मारायचे. एक स्लाइम मारला की अनुभवाचा एक गुण मिळतो. सात गुण झाले की नायक पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढतो. बळ वाढते, आयुष्य वाढते. अशा एकूण तीस पातळ्या, आणि शेवटच्या पातळीसाठी ६५,५३५ गुण. या साऱ्यात बोटांची चपळाई लागत नाही, नेम लागत नाही, ओळखपाळख लागत नाही. चिकाटीने राबत राहिले की कोणीही शेवटपर्यंत जाऊ शकतो.

आणि जमा झालेला अनुभव कोणी हिरावून घेत नाही. नायक मेला तर राजापुढे पुन्हा उभा राहतो. राजा थोडासा कुरकुरतो, गाठीच्या नाण्यांतली निम्मी जातात, पण अनुभवाचा एक गुणही कमी होत नाही. जुन्या यंत्रावर खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हती, तेव्हा राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा, की गाडी कालच्या जागेवरून पुढे. जपानी मुलांच्या त्या वह्या म्हणजे त्यांच्या कष्टांच्या खतावण्याच म्हणायच्या.

आता दुसरी बाजू. हा खेळ अत्यंत एकसुरी आहे, आणि हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. मी तो माझ्या मावसभावाच्या जुन्या मोबाइलवर खेळले. मोबाइलवरची आवृत्ती एका हाताने खेळता येते, म्हणजे दुसरा हात लोकलच्या कडीला! कल्याण ते ठाणे हे वीस किलोमीटरांचे अंतर. ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा आणि ठाणे. रोज तीच स्थानके, त्याच क्रमाने, तशाच गर्दीत. आणि हातातल्या पडद्यावर तोच माळ, तीच चार पावले, तीच लढाई. 'हल्ला' हा शब्द दाबायचा, घाव बसतो, शत्रू घाव घालतो, पुन्हा 'हल्ला'. पहिल्या दिवशी त्याची मौज वाटते. आठव्या दिवशी डोळे पडद्यावर असतात आणि मन दुसरीकडे. गावात गेले तर विहिरीजवळचा म्हातारा पहिल्या दिवशी जे वाक्य बोलला तेच शेवटच्या दिवशीही बोलतो. राक्षसाने जग ग्रासले काय किंवा नायकाने राजकन्या सोडवली काय, म्हाताऱ्याला त्याचे काही नाही.

असे असूनही हातातून खेळ सुटत नाही, हे नवल नव्हे काय? मी पुष्कळ विचार केला, आणि मला जे कारण सापडले ते फारसे सुखाचे नाही. या खेळात एकसुरीपणा आहे, पण अन्याय नाही. आपल्याभोवतीच्या जगात एकसुरीपणा तेवढाच आहे. फक्त त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

माझी आई डोंबिवलीत एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. डोंबिवलीतली नोकरदार घरे कितीतरी वर्षे या केंद्रांच्या आधारावर संध्याकाळचे पान मांडत आली आहेत. तेथे मजुरी शेकड्यावर, म्हणजे पोळ्या मोजल्या जातात खऱ्या. परंतु बारा वर्षांत लाटलेल्या लाखो पोळ्यांनी आईची पातळी किती चढली? हात असा तयार झाला आहे, की पोळी न पाहता गोल होते. ते कसब आहे, ती विद्या आहे. पण त्या विद्येची नोंद कोणत्याही वहीत नाही. काल लागलेली बाई आणि बारा वर्षे राबलेली बाई यांचा शेकडा सारखाच. खेळात सात स्लाइम मारणाऱ्याला जी बढती मिळते, ती खऱ्या जगात हजारो कष्टकऱ्यांना उभ्या हयातीत मिळत नाही. 'राबत राहा, वर चढशील' हे वचन खेळ पाळतो. म्हणून तो गोड लागतो. थकल्या जिवाला पाळलेल्या वचनाची चव फार लवकर लागते.

मरणाचेही तसेच. पडद्यावर मेलेला नायक निम्मी नाणी गमावून पुन्हा उभा राहतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर, एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन गर्दीच्या लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांपैकी किमान चौघांचे प्राण गेले. तीही माणसे रोजचेच दळण दळायला निघालेली होती. आमच्या डब्यातल्या बायका त्या वळणावर अजूनही एकमेकींना आत ओढून घेतात. तेथे परत उभे करणारा राजा नाही. पडद्यावरच्या मरणाची सवय झालेल्या डोळ्यांनी दाराशी उभे राहू नये, एवढे मात्र माझ्या वयाच्या मुलांना आवर्जून सांगावेसे वाटते.

एवढी स्तुती ऐकून कोणी म्हणेल, 'मग खेळच खरा आणि जग खोटे, असे म्हणा की!' तसे मला म्हणायचे नाही. या खेळात एक मोठी उणीव आहे, आणि ती समजून घ्यायला आपल्याला पुन्हा जात्यापाशी जावे लागेल.

जात्यावरचे दळण एकसुरी होते यात शंका नाही. पहाटे उठून तोच खुंटा, तेच गरगर फिरवणे, तेच पीठ. परंतु त्या गरगरीतून आपल्या बायकांनी ओवी काढली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. तो संग्रह लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, आणि 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर आता त्या वाचता-ऐकता येतात. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, डॉ. आंबेडकर आहेत, सासरचा जाच आहे आणि लेकीची काळजी आहे. ज्या बाईला घरात कोणी बोलू देत नव्हते, ती जात्यापाशी बोलली. श्रम तेच राहिले, पण त्यांत तिने स्वतःचा शब्द घातला.

या खेळात नेमकी तीच जागा नाही. सुगियामांचे संगीत सुंदर आहे. परंतु ते तयार मिळते, खेळणाऱ्याला त्यात एक सूरही मिसळता येत नाही. राजकन्येला सोडवल्यावर ती विचारते, की मला बरोबर नेशील ना? 'नाही' म्हणण्याची सोय आहे. पण 'नाही' म्हटले की ती तोच प्रश्न पुन्हा विचारते. दहादा 'नाही' म्हणा, दहादा विचारते. 'हो' म्हणेपर्यंत सुटका नाही. शेवटी ड्रॅगनराजा 'आपण दोघे मिळून राज्य करू' असे आमिष दाखवतो, तेवढ्या एका जागी मात्र उत्तराला किंमत आहे. तेथे 'हो' म्हणणाऱ्याचा खेळ खलास होतो. एरवी सबंध प्रवासात खेळाडूने काय ठरवले, त्याला काय वाटले, याची नोंद कोठेच नाही. नोंद आहे ती फक्त गुणांची. नायकाचे बळ वाढते. खेळणारा होता तेथेच राहतो. पीठ भरपूर पडते, पण ओवी एकही होत नाही.

हा दोष केवळ एका जपानी खेळाचा असता तर मी एवढी पाने खर्चली नसती. आपला अभ्यास तरी दुसरे काय आहे? बाजारातले गाईड आणायचे, तेच दहा प्रश्न पाठ करायचे, तीच उत्तरे उतरवायची, गुण मिळवायचे आणि पुढच्या सत्राच्या पातळीवर चढायचे. स्पर्धा परीक्षांच्या वाटेला लागलेले माझे कितीतरी मित्र-मैत्रिणी वर्षानुवर्षे तोच प्रश्नसंच सोडवताना मी पाहते. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. मात्र येथे तर दुहेरी नुकसान आहे : खेळातला चोख हिशेबही नाही आणि जात्यावरची ओवीही नाही. जागा थोड्या, उमेदवार अमाप. एका गुणाने हुकलेल्याची सारी मेहनत शून्यावर येते, आणि त्या मेहनतीत त्याने स्वतःचा म्हणून एक विचार मांडलेला असतो असेही नाही.

तेव्हा पुनरावृत्तीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. रियाझ म्हणजे पुनरावृत्ती, हरिपाठ म्हणजे पुनरावृत्ती, पोळी म्हणजे पुनरावृत्ती. तीच ती लोकल पकडणारी मंडळी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून भजन म्हणतात, तेव्हा तोच कंटाळवाणा प्रवास त्यांच्या मालकीचा होतो. कोणत्याही दळणाला दोन प्रश्न विचारावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. दळणाऱ्याच्या कष्टांचा हिशेब चोख आहे काय? आणि त्यात त्याला स्वतःची ओवी गाण्याची मुभा आहे काय?

पहिल्या प्रश्नात 'ड्रॅगन क्वेस्ट' उत्तम गुणांनी पास होतो, आणि त्याबद्दल आपल्या जगाने त्याच्याकडून धडा घ्यावा. नवख्याला पहिली खोली द्यावी, राबणाऱ्याची पातळी चढवावी, आणि पडलेल्याचा अनुभव पुसून टाकू नये. दुसऱ्या प्रश्नात तो नापास होतो, आणि तेथे आपल्याला त्याच्याकडून शिकण्यासारखे काही नाही. ते आपल्या आज्यांकडे, पणज्यांकडे आधीपासूनच होते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, खेळ जरूर खेळा. निळ्या स्लाइमला माझाही नमस्कार सांगा. पण परीक्षेच्या वहीत दहा पाठ उत्तरांबरोबर एखादे उत्तर तरी स्वतःचे लिहा. त्याला गुण थोडे कमी पडतीलही. जाते मात्र तुमचे होईल.